अकरावं पान

काळाचौकी, मुंबई
१० जानेवारी २०२५

जगदीश,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझे आशीर्वाद. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते दुपारपर्यंत विसरतो. कागदावर लिहिलं की पुन्हा बघता येतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा चुकांना हसू नकोस.

गुडघा बरा आहे. ऑपरेशनपासून काठी सुटली. रोज सकाळी लालबागच्या पुलापर्यंत जाऊन येतो. ललिता म्हणते, "बाबा, एवढ्या गाड्यांत कशाला जाता?" सुनेचं खरं आहे, मलाही धडकी भरते. पण घरात बसलं की दुसऱ्या शंभर काळज्या लागतात. आमच्या चाळीचं काम निघणार म्हणतात, खोलीचे पुरावे मागतात. मी एकोणिसशे अडुसष्टपासूनची लाईटबिलं पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, तरी रोज एकदा उघडून बघतो.

मुद्द्याचं लिहितो. परवा पुलाखाली एक बाई रानातून खणलेले करांदे विकायला बसली होती. मुंबईत करांदे! विचारलं, "कुठले गं?" तर म्हणाली, "सांबरकोंडचे." मी तिथंच फुटपाथवर बसलो. लोकांना वाटलं म्हातारा पडला.

आपल्या आंबेमाळाच्या कातकरवाडीवरची निघाली. रखमा, रघु हिलमची बायको. नवरा, म्हातारी सासू, दोन मुली, आणि डोक्यावर निळं प्लास्टिक. आठ महिने झाले म्हणते. मी घर का सोडलंत विचारलं तर करांद्यांवरची माती पुसू लागली. शेजारच्या गिऱ्हाईकाने भाव विचारला म्हणून पुढे बोलणं झालं नाही.

जगदीश, आपल्या गावची माणसं फुटपाथवर झोपतात ही शोभेची गोष्ट नाही. तिथं काय झालं ते कळव.

आणि माघी पुनव जवळ आली. माळावरच्या राखणदाराला निवेद आणि वाडीला अकरा पानं, घराला एक याप्रमाणे, हे विसरू नका. आई जाताना हेच सांगून गेली. माळ आता आपल्या नावावर नाही हे मला कळतं, पण नव्या मालकाला आठवण कर. विक्रीच्या कागदात निवेद लिहिलेला आहेच.

तुझा,
गंगादादा

---

सांबरकोंड
२७ जानेवारी २०२५

ती. गंगादादांना नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, वर्षभरात हाताने लिहिलेलं पाकीट हे पहिलंच. बाकी सगळी बँकेची.

गुडघा बरा हे वाचून बरं वाटलं. त्यासाठीच तर सगळं केलं. थंडीत जपून चाल.

त्या रखमेचं मनावर घेऊ नकोस. तू साठ वर्षं मुंबईत, तुला ही माणसं ठाऊक नाहीत. कातकरी एका जागी राहिलाय कधी? दिवाळी झाली की वीटभट्टीवर, पाऊस पडला की परत. मुंबईत चार पैसे दिसले म्हणून बसली असतील. शिमग्याला बघ, आपसूक गायब होतील. तू त्यांना चहापाणी देत बसू नकोस, एकाचे दहा होतात.

माळावर नवीन पार्टीने काम काढलंय. माणसं चांगली आहेत. गावातल्या चौघांना वॉचमनची नोकरी दिली, त्यात माझा वरदही आहे. पोरगा पहिल्यांदा घरी न बसता महिन्याच्या महिन्याला कमावतोय, तेवढं तरी गोड मानून घे.

निवेदाचं मी बघतो. तू काळजी करू नकोस. डॉक्टरने तुला काळजी करू नका म्हणून सांगितलंय ना?

तुझा,
जगदीश

---

काळाचौकी
१५ फेब्रुवारी २०२५

जगदीश,

तुझं पत्र वाचून मी रखमेला जाऊन बोललो. फार बोललो. म्हणालो, तुम्हा लोकांना एका जागी राहायला नको, गाव सोडून इथं घाणीत पडायची हौस आहे, उद्या पोरींना काही झालं म्हणजे कळेल. तू लिहिलंस तसंच म्हणालो. भट्टीवर जाता तसे इथं आलात, आता परत जा.

तिने करांद्यांवरची माती पुसणं थांबवलं नाही. म्हणाली, "आजा, तुमी गावाशनं कवा आलात?"

मी म्हटलं, सोळाव्या वर्षी. गिरणीत लागलो.

"मंग तुमचं गावचं घर मोडलं का कुनी? तुमी आलात ते कामाला. आमी भट्टीवर जातो ते भटकाया?"

तिची सासू मागे हसली. दात नाहीत, पण हसणं मोठं.

मग तिने सांगितलं. गेल्या शिमग्यानंतर ते भट्टीवरून परत आले तर वाडी नव्हतीच. जेसीबीने अकराच्या अकरा झोपड्या सपाट. भांडी मातीत. भोवती तारेचं कंपाऊंड. राखणदाराचा दगड उचलून गेटाबाहेर टाकलेला. पंचायतीत गेले तर म्हणाले, वाडीची नोंदच नाही. घरपट्टी नाही, लाईटबिल नाही, म्हणजे वाडी नव्हती.

हे तू मला का लिहिलं नाहीस? तुला माहीत नसेल असं कसं होईल? माळ आपल्या परसापासून हाकेवर आहे.

परवा पुनव झाली. निवेद कुठं ठेवलास? गेटाबाहेर?

पण घाबरू नकोस, कायदा आपल्या बाजूने आहे. आपल्या कागदात निवेद लिहिलेला आहे. निवेद आला म्हणजे पानं आली, पानं आली म्हणजे वाडी आली. त्या पार्टीने कागद मोडला. तू ताबडतोब वकिलाला गाठ आणि त्यांच्यावर केस घाल. माझ्याकडे झेरॉक्स आहे, हवी तर रजिस्टरने पाठवतो.

लवकर लिही. मला झोप लागत नाही.

गंगादादा

---

काळाचौकी
६ मार्च २०२५

जगदीश,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल म्हणून पुन्हा लिहितो. आजारी तर नाहीस ना? की रागावलास?

इकडे माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. श्रेया नावाची मुलगी बेघर लोकांची नावं लिहायला पुलाखाली येते. चांगली आहे, नीट बोलते. तिने रखमेचा फॉर्म भरला. वर साहेबाने आधारकार्ड बघितलं. त्यावर पत्ता आंबेमाळ, कातकरवाडी. साहेब म्हणाला, यांना गावी घर आहे, हे बेघरात बसत नाहीत.

म्हणजे मुंबई म्हणते तुमची वाडी आहे, तिकडे जा. आणि गाव म्हणतं वाडी नव्हतीच. मी श्रेयाला म्हटलं, मग ही माणसं झोपतात कुठं, आधारकार्डावर? ती म्हणाली, "आजोबा, मी रोज हेच विचारते. मला कोण सांगतं?"

एका निवाऱ्यात जागा मिळत होती. पण तिथं बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, दुसऱ्याच वॉर्डात. चूल पेटवायची नाही. सकाळी आठला बाहेर. रखमा म्हणाली, "तुरुंगात बी येका जागी टाकत्यात." गेली नाही. तर लोक म्हणतात, बघा, यांना दिलं तरी नको असतं.

गेल्या गुरुवारी पालिकेची गाडी आली आणि त्यांचं प्लास्टिक, पातेलं, करांद्यांची टोपली, सगळं उचलून नेलं. मी मध्ये पडलो तर एकजण म्हणाला, "काका, तुमचं काय जातंय?"

तो प्रश्न मी तुला विचारतो. केस घातलीस का?

गंगादादा

---

सांबरकोंड
१६ मार्च २०२५

दादा,

शिमग्याची गडबड होती म्हणून लिहिलं नाही. खरं सांगायचं तर काय लिहावं ते कळत नव्हतं. आता स्पष्टच लिहितो, कारण तू तो कागद घेऊन कुणाच्या दारात गेलास तर आपण दोघेही अडकू.

त्या कागदात निवेद नाही. नीट चष्मा लावून बघ. शब्द आहे निर्वेध. "सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तीवर कोणाचाही कब्जा अगर वहिवाट नाही." त्याचा अर्थ, जमिनीवर कसलीही अडचण नाही, कोणी राहत नाही. जमीन विकताना तसं लिहावंच लागतं, नाहीतर कोण घेईल?

तू त्या दिवशी कचेरीत विचारलं होतंस, "निवेद लिहिलाय ना रे?" वकील घड्याळ बघत होता, पार्टी गाडीत बसली होती, आणि तुझा गुडघा इतका सुजला होता की तुला जिना चढवायला दोन माणसं लागली. मी हो म्हटलं. काय करू? तिथं उभ्याउभ्या तुला शब्द शिकवू? ऑपरेशनची तारीख तुझ्या डॉक्टरने दिली होती, माझ्या नाही.

आणि वाडी आपण थोडीच पाडली. आपण सही केली, पुढचं त्यांनी केलं. त्यांना काय आपण सांगणार? एक खरं की, पाडली त्या दिवशी मी तालुक्याला गेलो होतो. मुद्दाम गेलो होतो म्हण.

एक बरी बातमी. माळावर आता पर्यटकांसाठी कुडाच्या झोपड्या बांधतायत. कारवीच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, आत एसी. गावात कुणाला तसा कुड विणता येत नाही. रघुला विचार, येतो का. चार महिने काम आहे. राहायची सोय मात्र त्याची त्याने बघायची.

जगदीश

---

काळाचौकी
२४ मार्च २०२५

जगदीश,

तुझं पत्र ललिताकडून वाचून घेतलं, कारण दुसऱ्या ओळीनंतर मला दिसेनासं झालं. मग झेरॉक्स काढली. अक्षर खरंच निर्वेध आहे. वर रफार आहे. मला वाटलं होतं झेरॉक्सचा डाग. ललिता म्हणाली, "बाबा, निवेदात ध कुठून येईल?" मी म्हटलं, वकिलाची चूक असेल, शिकलेली माणसं आपले शब्द नेहमी चुकीचे लिहितात. माझी खात्री होती. राखणदाराच्या जमिनीचा कागद, त्यात दुसरं काय लिहिणार?

माझी चूक अडाण्याची होती. तुझी दहावी पास माणसाची. अडाण्याने विचारलं होतं.

"पुढचं त्यांनी केलं" असं तू लिहितोस. इथं राहतच नाही कुणी, असं आपणच लिहून दिल्यावर त्यांनी काय पाडलं? आपल्या कागदाप्रमाणे त्यांनी काहीच पाडलं नाही.

दोन दिवस मी खाली उतरलो नाही. हा गुडघा त्या माळाचा आहे, जगदीश. त्याच गुडघ्यावर चालत जाऊन मी तिला विचारलं होतं, घर का सोडलंत.

तिसऱ्या दिवशी गेलो आणि रखमेला सगळं सांगितलं. तू सांगू नकोस म्हणशील, पण सांगून टाकलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. सासूने विचारलं, "काय म्हंतो म्हातारा?" तर म्हणाली, "कागद ह्यानंच लिवून दिला." म्हातारी ह्या वेळी हसली नाही. रघु उठून पुलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. कुड विणायच्या कामाचं मी त्याला विचारलं नाही. तुला लाज वाटत नसेल तर तू विचार.

मग रखमा म्हणाली, "आजा, सही तुमची, तर तोंड बी तुमचंच पायजे."

गोष्ट अशी की वाडीवरच्या सगळ्यांनी मिळून तालुक्याला अर्ज केलाय. श्रेयाने लिहून दिला. वाडी होती हे सिद्ध झालं तर गावठाणाला लागून घरांना जागा द्यायची, असं तिथले अधिकारी म्हणतात. पण ज्याचं घर सिद्ध होईल त्यालाच. पुरावा नाही, तर जुन्या जमीनमालकाचा जबाब आणा. सुनावणी वीस मे.

मी जाणार आहे. तूही ये.

गंगादादा

---

सांबरकोंड
१२ एप्रिल २०२५

दादा,

हात जोडून सांगतो, हे करू नकोस.

जबाब देणं म्हणजे आपण कागदावर खोटं लिहिलं असं स्वतःच्या तोंडाने सांगणं. पार्टी गप्प बसेल? वकील म्हणतो दोघांवर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. तुझं वय बघून तुला सोडतील. मला कोण सोडेल? वरदची नोकरी त्याच दिवशी जाईल. तू मुंबईत चाळीत बसून चांगुलपणा करणार आणि इथं पार्टीची गाडी माझ्या दारात उभी राहणार.

तू गावात किती दिवस राहिलास? गणपतीला आठ, शिमग्याला चार. मला इथं रोज राहायचंय.

कातकऱ्यांचा मला राग नाही. मी लहानपणापासून त्यांच्यात वाढलोय, तुझ्यापेक्षा जास्त. पण पन्नास वर्षं कुणी त्यांच्या नावाने घर लावलं नाही. सरकारने नाही, पंचायतीने नाही, माझ्या बापाने नाही आणि तुझ्याही नाही. ते सगळं आता माझ्या एकट्याच्या डोक्यावर का?

मी येणार नाही. तू आलास तर घरी उतरू नकोस, असं म्हणवत नाही. पण उतरू नकोस.

जगदीश

---

काळाचौकी
२२ मे २०२५

जगदीश,

तुझ्या घरी उतरलो नाही. सकाळी परळहून एसटीने गेलो, संध्याकाळच्या गाडीने परत. बरोबर रखमा आणि रघु. ललिताने डबा दिला होता, तिघांचा.

अकराची वेळ दिली होती. साहेब मीटिंगला. दोन वाजता आले, मग जेवायला गेले. बाकावर बसून माझा गुडघा लाकूड झाला. वाडीवरची बाकी माणसं भट्ट्यांवरून आली होती, जिन्यात बसली होती. शिपाई दर दहा मिनिटांनी त्यांना उठवायचा, ती उठायची आणि पुन्हा बसायची.

साडेतीनला मला एकट्याला आत घेतलं. रखमा आत येत होती तर तिला बाहेर थांबवलं, म्हणजे मला कोणी पढवायला नको. साहेबाने विचारलं, "कागदावर सही तुमची?" म्हटलं, माझी. "मग त्यात लिहिलंय जमीन निर्वेध, कोणी राहत नव्हतं." म्हटलं, मी तो शब्द निवेद असा वाचला. साहेबाला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. माघी पुनवेला आई पळसाची अकरा पानं मांडायची, प्रत्येकावर भात, वरण, घावन आणि गुळाचा खडा. आधी राखणदाराला निवेद, मग घराला एक पान. अकरा घरं म्हणून अकरा पानं. एका वर्षी वादळात एक झोपडी पडली, तरी आईने पान कमी केलं नाही. म्हणाली, घर पडलंय, माणसं थोडीच पडलीत.

जगदीश, साहेबाने पेन खाली ठेवून ऐकलं. तोपर्यंत माझं कुणी असं ऐकलं नव्हतं.

मग कारकुनाने टाईप केलं आणि सहीला कागद पुढे केला. मी म्हटलं, आधी वाचणार. बोट ठेवून वाचायला घेतलं. कारकून वैतागला. चौथ्या ओळीत होतं, "सदर जमिनीवर वर्षानुवर्षे निर्वेध होता." पुन्हा तोच रफार!

मी म्हटलं, हे काढा. कारकून म्हणाला, "आजोबा, निवेद असा शब्दच नाही. कॉम्प्युटर घेत नाही."

मी म्हटलं, "तुमच्या कॉम्प्युटरच्या आईने कधी पान वाढलं नसेल."

साहेब हसले. म्हणाले, नैवेद्य लिहा. मी म्हटलं, नैवेद्य देवळात. आमच्याकडे निवेद. शेवटी त्याने तीनदा खोडून तो शब्द तसा लिहिला. चाळीस मिनिटं त्यातच गेली. मला आता आठवूनही घाम येतो, पण मी हललो नाही.

मग साहेब म्हणाले, घरांची नावं सांगा, पण स्वतः पाहिलेली. मी सांगत गेलो. सोमा वाघे, चांगो पवार, काळू मुकणे, बारकी म्हातारी. कारकून प्रत्येकाच्या आधी श्री. आणि श्रीमती लिहीत होता. मी आयुष्यात त्यांना असं हाकारलं नव्हतं, मला ते ऐकून ओशाळल्यासारखं झालं. दहा नावं झाली.

अकरावं घर ओढ्यापलीकडचं. रघुच्या बापाचं. रखमेचं.

नाव मला माहीत आहे, रघुच्या कार्डावर वाचलंय. पण साहेबाने विचारलं, "तुम्ही ते घर पाहिलंत?" आणि मी अडलो. मी ते कधीच पाहिलं नाही. ओढ्यापर्यंत मी दहा पानं वाटायचो आणि अकरावं तुझ्या हातात द्यायचो. तू लहान, पायाने चपळ, दगडावरून उड्या मारत जायचास. त्या झाडीपलीकडे काय होतं ते मी बघितलेलं नाही.

एकदा न वाचता सही केली. आता न बघितलेलं बघितलं म्हणून सही करू? मी म्हटलं, नाही साहेब, पाहिलं नाही.

त्यांनी दहा घरांची पाहणी लावली. अकराव्याचं म्हणाले, ते पाहिलेला वाडीबाहेरचा माणूस आणा, नाहीतर त्याचा लेखी जबाब, दहा जूनपर्यंत. नंतर फाईल बंद.

बाहेर येऊन रखमेला सांगितलं. आजवर ती माझ्यावर आवाज चढवून बोलली नव्हती. सगळ्या कचेरीसमोर ओरडली, "येक हो म्हनाया काय जात हुतं, आजा? खोटं लिवताना जमलं, आन खरं लिवताना तुमाला अक्कल आली!"

कदाचित तिचंच बरोबर असेल. एसटीत ती माझ्यापासून दोन सीट पुढे बसली. दादरला उतरताना मात्र रघुने माझा हात धरला, कारण पायरी उंच होती.

ज्यांनी मला हे काम करायला लावलं त्यांचंच घर राहिलं, जगदीश. बाकी दहा जणांना जागा मिळेल आणि रखमा पुलाखालीच राहील. पावसाआधी पूल मोकळा करणार आहेत, तशी नोटीस चिकटवली आहे.

अकरावं पान नेणारा तू एकटाच जिवंत आहेस. आणखी काही लिहीत नाही. तुझं तू ठरव.

गंगादादा

---

सांबरकोंड
३ जून २०२५

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा पार्टीचा माणूस ओट्यावरच बसला होता. तुझ्या जबाबाची बातमी त्याला तुझ्या पत्राआधी पोचली होती. वरदला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणाले. तो माझ्याशी बोलत नाही. मी तुझ्याशी बोललो नसतो, पण पत्रात बोलावं लागत नाही.

तू फार हट्टी आहेस. साहेबाला हो म्हटलं असतंस तर माझ्यावर ही वेळ आली नसती. ती बाई बरोबर बोलली. तिला माझ्यातर्फे सांग.

आता ऐक. मी ते घर पाहिलंय. एकदा नाही, आठ वर्षं. ओढ्यात सात दगड होते, पाचवा हलायचा. पलीकडे ऐनाचं झाड, त्याला टेकून कुड. दार पूर्वेला, इतकं खाली की पान डोक्यावर घेऊन आत जाता येत नसे, वाकून हातात धरावं लागे. रघु तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याची आई, जी तुला बघून हसते म्हणून लिहिलंस, ती मला चुलीत भाजलेला करांदा द्यायची, मीठ लावून. मी तिथंच बसून खायचो आणि घरी सांगायचो नाही, कारण तिथलं खाल्लं हे कळलं असतं तर आईने मला आधी परसात आंघोळ घातली असती. एकदा तोंडाला राख राहिली म्हणून मार खाल्ला. तेवढं सोडून कुणाला आजवर कळलं नव्हतं.

तिला विचार, आठवतं का. तिचे दात तेव्हा होते.

हे सगळं लिहून काल तालुक्याला स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली, तिची झेरॉक्स सोबत आहे, रखमेला दे. घर क्रमांक अकरा, श्री. मंगळू गोमा हिलम. कारकून म्हणाला, तुमचे भाऊ फार त्रासदायक आहेत. मी म्हटलं, चुलत.

सही करायच्या आधी कागद दोनदा वाचला. निवेदावर रफार नाही.

जगदीश